'चालतंय की' ऐकून मासे आणण्याआधी: टँकमध्ये कोण कोणासोबत राहील, हे कसं ठरवायचं?

शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरातल्या कुठल्याही माशांच्या दुकानात जरा वेळ उभं राहिलं की हे दिसतंच. एखादं कुटुंब येतं. पोरगं काचेवर बोट ठेवत पुढं सरकतं, "हा एक, तो एक, आणि ते पट्ट्यापट्ट्यांचे दोन." वडील विचारतात, "हे सगळे एकत्र चालतात काय?" उत्तर येतं, "चालतंय की!" पिशवीत ऑक्सिजन भरला जातो, रबर लागतं आणि चार-पाच जातींचे मासे घरी जातात. पंधरा दिवसांत त्यातले दोन उरतात, पोरगं हिरमुसतं, महिन्याभरात टँक माळ्यावर जातो. माळ्यावर गेलेले असे बरेच टँक मी बघितलेत. बहुतेकांच्या बाबतीत पाणी बरं होतं, खाणंही वेळेवर होतं, फक्त सोबती चुकले होते.

दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्याकडं ते खरंच चालत असतं. तिथं असतात ती दीड-दोन इंचांची पिल्लं. दाटी इतकी की कुणाला कोपरा धरायला जागा नाही, आणि आठवड्याभरात निम्मे विकले जाऊन नवे येतात. तुमच्या घरी मात्र तोच मासा वाढणार, वयात येणार, कोपरा धरणार, अंडी घालणार. सोबती निवडायचे ते या वाढलेल्या माशासाठी.

पायरी १: आधी टेप आणि पाणी

टँकची लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ नं भागा. आलेला आकडा म्हणजे लिटर. घरोघरी दिसणारा २४ × १२ × १२ इंचांचा दोन फुटी टँक जवळजवळ ५७ लिटरचा भरतो. तळाची वाळू, दगड आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा केली की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास उरतं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँक १२७ लिटरचा, त्यात खरं पाणी शंभर-एकशेपाच लिटर. सोबती ठरवताना हा खालचा आकडा धरायचा.

'एक इंच माशाला एक गॅलन', म्हणजे पावणेचार लिटर, हा जुना हिशोब अजून सांगितला जातो. टेट्रा, डॅनिओसारख्या बारीक माशांपुरता तो ठीक आहे. मोठ्या माशाला लावला की फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं, कारण तो उंचीला आणि जाडीलाही वाढतो. एक इंचाचे बारा निऑन आणि बारा इंचांचा एक ऑस्कर यांची घाण एका मापानं मोजता येत नाही.

कमी मासे ठेवा असं मी आग्रहानं सांगतो, त्यामागं २०१९ चा पूर आहे. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली होती. गावात चहूकडं पाणी आणि घरचा नळ मात्र कोरडा. आमच्याकडं वीजही नव्हती. माझ्या तीन फुटी टँकमध्ये तेव्हा सोळा लहान मासे होते. खाणं बंद केलं आणि दर दोन-तीन तासांनी टँकमधलंच पाणी मगानं उचलून वीतभर उंचीवरून परत सोडत राहिलो, तेवढाच हवेचा आधार. सगळे वाचले. ओळखीतल्या एका घरी तेवढ्याच टँकमध्ये दोन ऑस्कर आणि एक मोठा सकर होता. तिथं दुसऱ्या रात्रीच सगळं संपलं. माणसं दोन्हीकडं सारखीच धडपडत होती.

आता पाण्याची जात. शहरात नळाला नदीचं किंवा धरणाचं पाणी येतं आणि ते त्यामानानं मऊ असतं. बोअरचं पाणी बहुधा जड निघतं. ओळखायला घरातल्याच खुणा पुरतात. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस कमी येतो, डाळ शिजायला वेळ लागतो, गीझरची कॉइल सारखी बदलावी लागते, तर पाणी जड. आरओवाल्याकडं पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असतोच, त्याच्याकडून एकदा मोजून घ्या. पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतं की क्षाराकडं, ते मोजायचं थेंबांचं किट दुकानात मिळतं, तेही आणा.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यात, ७ ते ८ पीएचला खूश असतात. निऑन टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातला, त्याला मऊ, किंचित आम्लाकडं झुकणारं पाणी मानवतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत सिक्लिडांना ८ च्या आसपास पीएच लागतो. मॉली आणि निऑन एकमेकांना बोट लावत नाहीत, तरी एकत्र ठेवले तर दोघांपैकी एकाला रोज परक्या पाण्यात जगावं लागतं. असा मासा लगेच मरत नाही. तो फिका पडतो, पर मिटून राहतो, आणि साधं दुखणंही त्याला झेपत नाही. पाण्याची जात बदलणाऱ्या औषधांच्या बाटल्यांच्या नादाला नव्या माणसानं लागू नये असं माझं ठाम मत आहे. घरात जे पाणी येतं, त्याला मानवेल तो मासा आणा.

तापमानाचंही असंच. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या गार असतात. हीटर नसलेल्या माझ्या टँकमध्ये पहाटे थर्मामीटर २० ला आलेला मी बघितलाय. एंजल, फायटर, गोरामी यांना २४ ते २८ अंश लागतं. लिटरमागं एक वॉट या हिशोबानं हीटर घ्या, म्हणजे दोन फुटी टँकला ५० वॉट. ज्या जातींची तापमानं एकमेकांत बसत नाहीत, त्यांना एका काचेत आणू नका.

पायरी २: एक मासा पहिला ठरवा

'मला छान रंगीबेरंगी टँक हवाय' अशी सुरुवात केली की दुकानात हात प्रत्येक काचेकडं जातो. त्याऐवजी घरातल्यांनी बसून एकच मासा ठरवावा, ज्याच्यासाठी हा टँक आहे. एंजल हवाय का? फायटर? निऑनचा थवा? पोरांना पिल्लं जन्मताना बघायचीत का?

तो एक ठरला की बाकीचे आपोआप गळत जातात. एंजल म्हटलं की टँक निदान दीड फूट उंच हवा, पाणी २६ अंशांच्या आसपास, परांना तोंड लावणारं कुणी नको आणि तोंडात मावेल असंही कुणी नको. एवढ्या चार वाक्यांत दुकानातले निम्मे मासे बाद झाले. उरलेल्यांतून सोबती निवडणं सोपं. लग्नघरात आधी मुहूर्त ठरतो आणि मग हॉल, आचारी, मांडव. तोच क्रम इथं.

पायरी ३: वर्षानंतरचा मासा डोळ्यापुढं आणा

दुकानात 'ब्लू शार्क' म्हणून अडीच इंचांचा, रुपेरी-काळा, सतत भिरभिरणारा मासा मिळतो. पोरांना तो फार आवडतो, नावामुळं तर जास्तच. हा पंगस. हॉटेलात बासा म्हणून ज्याचे तुकडे ताटात येतात, त्या घराण्यातला. मोठ्या नदीत तो मीटरभराच्या पुढं वाढतो. घरातल्या कुठल्याही टँकमध्ये त्याला जागा नाही. कसलाही आवाज झाला की तो घाबरून काचेवर तोंड आपटतो.

'सकर' किंवा 'टँक क्लीनर' म्हणून मिळणाऱ्या काळ्या, खवल्यांच्या माशाची गोष्ट तशीच. तीन इंचांचा आणला तरी तो दीड फुटापर्यंत जातो, आणि टँक स्वच्छ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. मोठा सकर रात्री गोल्डफिशसारख्या संथ माशाच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर ओरबाडतो. सकाळी अंगावर लालसर चट्टे दिसतात आणि लोक रोगाचं औषध शोधत फिरतात. शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिसलनोज विचारा. तो चार-पाच इंचांवर थांबतो.

सिल्व्हर शार्क फूटभराच्या पुढं जातो. ऑस्करही फूटभर होतो, आणि तोंडात मावेल तो मासा त्याच्या दृष्टीनं खाणं. सगळ्या जातींना लागू पडणारा हा नियम वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे: लहान मासा मोठ्याच्या तोंडात मावत असेल तर कधी ना कधी तो तिथं जाणार. एंजल आणि निऑन यांच्याबाबत लोक इथंच फसतात. एंजल लहान असताना दोघं सुखानं राहतात. आठ-नऊ महिन्यांनी रोज सकाळी एक निऑन कमी होतो आणि प्रेत कुठं सापडत नाही. एंजलनं 'स्वभाव बदलला' असं लोक म्हणतात. त्याचं तोंड मोठं झालं, बाकी काही नाही. नदीतही एंजल असलेच बारीक मासे खातो.

म्हणून दुकानात किमतीआधी दोन प्रश्न विचारा: "पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?" आणि "याला काय खायला लागतं?" नाव लिहून घ्या, घरी येऊन तपासा आणि दुसऱ्या दिवशी जा. मासा कुठं पळून जात नाही.

पायरी ४: स्वभाव, आणि माझ्या एंजलचे दोरे

माझ्याकडं एंजलची एक जोडी होती, रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेली. एंजलला पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात. माझ्या मादीचे दोरे शेपटीच्याही मागं जायचे. टँकमध्ये जरा चळवळ हवी म्हणून मी तीन टायगर बार्ब आणले. चौथ्या दिवशी दोरे निम्मे झाले होते, टोकं चिंध्यांसारखी. पर सडण्याचा रोग असेल असं वाटून मी निळं औषध ओतलं. पाणी निळं झालं, कोपऱ्यातला सिलिकॉन कायमचा निळा झाला, आणि फिल्टरमधले घाण पचवणारे जीवाणू मेल्यानं पाणी आणखी बिघडलं.

मग एका पहाटे दिवा न लावता चहाचा कप घेऊन समोर बसलो. दहा मिनिटं काहीच नाही. नंतर एक बार्ब तळातून तिरका वर आला, दोऱ्याचं टोक धरलं, झटका दिला आणि वेलीमागं गेला. एंजल वळेपर्यंत दुसऱ्या बाजूनं दुसरा आला. ती कोपऱ्यात गेली, फिल्टरच्या नळीला पाठ लावून उभी राहिली. त्या क्षणी कळलं की औषधाची बाटली नको होती, अर्धा तास नुसतं बघत बसायला हवं होतं.

टायगर बार्ब वाईट मासा नाही. तो थव्यातला मासा आहे. थव्यात त्यांची आपसात सतत हुज्जत चालते, मोठा कोण, धाकटा कोण याची. आठ-दहा असले की ती हुज्जत त्यांच्यातच जिरते. तीन आणले की ती बाहेर पडते आणि जो सगळ्यात संथ, ज्याचे पर सगळ्यात लांब, त्याच्यावर निघते. आठ आणूनही एंजल, फायटर, गोरामी, लांब शेपटीचा गप्पी यांच्याजवळ त्यांना ठेवू नये. सर्पी टेट्रा आणि विडो टेट्रा यांनाही हीच खोड आहे.

थव्यातले मासे पाच-सहाच्या खाली आणूच नका. निऑन, झेब्रा डॅनिओ, चेरी बार्ब, कोरी हे सगळे त्यातले. 'प्रत्येकी दोन' ही आपल्याकडची खरेदीची सवय इथं घात करते. दोन निऑन सतत भेदरलेले असतात. आठ निऑन एका रांगेत वळतात तेव्हाच त्यांचा तो निळा पट्टा खरा झळकतो. पाच जातींचे दोन-दोन घेण्याऐवजी दोन जातींचे सहा-सहा घ्या.

दुसरा गट जागा धरणाऱ्यांचा. रेड टेल शार्क, रेनबो शार्क हे एका टँकमध्ये एकच. दोन नर ड्वार्फ गोरामी दोन फुटांत नकोत. फायटरचे दोन नर एका पाण्यात कधीच नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रंगीत, मोठ्या शेपटीच्या नर गप्पीलाही फायटर दुसरा फायटर समजून बसतो, हे फारसं कुणी सांगत नाही. फायटरची सोबत तळाशी राहणाऱ्या शांत, फिक्या माशांशी जमते. सहा कोरी, किंवा चार-पाच कुली लोच. तरी फायटर-फायटरमध्ये फरक असतो. एखादा कुणालाच सहन करत नाही. अशाला एकटं ठेवावं, त्याला एकटेपणाचं दुःख नसतं.

शांत मासेही पिल्लांच्या वेळी बदलतात. एंजलची जोडी जमली, अंडी घातली, की अर्धा टँक त्यांचा. तेव्हा बाकीच्यांना लपायला फांद्या, वेली, मातीची कुंडी आडवी टाकून केलेली गुहा असं काहीतरी हवं. कुंभारवाड्यातली रंग न दिलेली साधी कुंडी चालते.

नर-माद्यांचं प्रमाणही विसरू नका. गप्पी, मॉली, प्लॅटीत एका नरामागं दोन-तीन माद्या हव्यात. नर दिवसभर मागं लागतात आणि एकटी मादी दमून मरते. पिल्लं नको असतील तर सगळे नर आणा. नुसत्या माद्या आणून उपयोग नाही, कारण दुकानातून आलेली मादी बहुधा गाभण असते आणि नराचं बीज ती काही महिने साठवून ठेवू शकते.

थर सांभाळणं सोपं आहे. वरचा, मधला आणि तळाचा, प्रत्येक थरात एकच गट ठेवला की धक्काबुक्की कमी होते. डॅनिओ वर, टेट्रा-बार्ब मधे, कोरी-लोच तळाला. तळाच्यांना वरच्यांचं उरलंसुरलं पुरत नाही, त्यांना रात्री दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाका. कोरीच्या मिशा धारदार खडीवर झिजतात, तिथं बारीक, गोल वाळू हवी. कोरी मधेच सर्रकन वर येऊन हवा घेऊन जातो. तो तसाच असतो, घाबरू नका.

पायरी ५: आपल्या पाण्यात जमणाऱ्या काही जोडण्या

नळाचं पाणी, दोन फुटी टँक: एक हनी गोरामी, आठ निऑन, सहा लहान जातीचे कोरी. पाणी २५ अंशांवर. टँक एवढ्यानं भरला, आणखी एकही नको. हनी गोरामी ईशान्य भारत आणि बांगलादेशाकडचा, मधाच्या रंगाचा, फारच गरीब मासा. ड्वार्फ गोरामीच्या झगमगाटापुढं तो दुकानात उठून दिसत नाही, पण महिन्याभरात घरी स्थिरावला की रंग चढतो. माझ्या अनुभवात नव्या माणसाला याहून चांगला पहिला मासा नाही.

बोअरचं पाणी, दोन फुटी टँक: एक नर आणि तीन माद्या प्लॅटी, किंवा आठ नर गप्पी. दोन्ही एकदम नको. प्लॅटी घेतल्या तर साधारण चार आठवड्यांनी पिल्लं येतात, आणि ती द्यायची कुणाला याचा विचार आधीच करावा लागतो. मॉलीला मी तीन फुटांखाली ठेवत नाही, ती वाढते.

तीन फुटी, दीड फूट उंच: एंजलची जोडी, आठ चेरी बार्ब, सहा कोरी. नावात बार्ब असला तरी चेरी बार्ब परांना तोंड लावत नाही. किंवा ज्यांना घरात दंगा आवडतो त्यांनी त्याच टँकमध्ये दहा टायगर बार्ब, सहा झेब्रा डॅनिओ आणि एक ब्रिसलनोज ठेवावा. आडवी-तिडवी पळापळ दिवसभर चालते आणि कुणाला इजा होत नाही, कारण सगळेच चपळ.

दोन मासे या यादीत मी मुद्दाम घेतले नाहीत. मिस केरळ म्हणून ओळखला जाणारा लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांतला, आणि झेब्रा लोच आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या ओढ्यांतलाही. दोन्ही फक्त पश्चिम घाटातले, आणि दोन्ही जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत आहेत. पैदास केलेले असल्याची खात्री दुकानदार देत असेल तरच घ्या. डेनिसनला चार फुटी टँक, जोराचा प्रवाह आणि सहाचा थवा लागतो. हे दोन्ही आपले आहेत, आणि ओढ्यातच राहिलेले मला जास्त बरे वाटतात.

सुईनं रंग टोचलेले पारदर्शक ग्लास फिशही आणू नका. तो रंग त्यांचा नसतो. ते दुखणं घेऊनच घरी येतात.

गोल्डफिशचं काय?

आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे घरात असावेत ही श्रद्धा खूप घरांत आहे. ती मोडायला मी सांगणार नाही. गोल्डफिशच्या बाजूनं मात्र बोलायलाच हवं. शेपटीचे झुबके असलेला फॅन्सी गोल्डफिशही सहा-सात इंच होतो, साधा तर फूटभर. तो थंड पाण्यातला, १८ ते २२ अंशांवर सुखी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेर ३८ असताना त्याचे हाल होतात, कारण पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. दोन फुटी टँकमध्ये नऊ गोल्डफिश म्हणजे एसटीच्या एका सीटवर नऊ माणसं, आणि प्रवास जन्मभराचा.

नऊ आकडा पाळायचाच असेल तर आठ नारिंगी प्लॅटी आणि एक काळी मॉली तीन फुटी टँकमध्ये ठेवा. दोघांना पाणी तेच लागतं, भांडण नाही, आणि देवघराजवळच्या त्या कोपऱ्यात रंगही तोच दिसतो. आमच्या ओळखीत दोन घरांनी हे केलंय, आणि दोन्हीकडं मासे मजेत आहेत. गोल्डफिशच हवा असेल तर तीन फुटांत दोन फॅन्सी, सोबतीला दुसरं कुणी नाही, सकर तर अजिबात नाही.

पायरी ६: आणायचा क्रम आणि पहिला तास

नवा टँक भरून दुसऱ्या दिवशी मासे आणले तर सोबती कितीही बरोबर निवडले असले तरी मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मागून आणला तर हे काम बरंच लवकर होतं. अमोनिया-नायट्राइट मोजायच्या किटमध्ये दोन्ही शून्य दिसल्याशिवाय दुसरी खेप आणू नका.

आधी थव्यातले शांत मासे. दोन आठवड्यांनी तळाचे. जो जागा धरतो, म्हणजे एंजल, गोरामी किंवा फायटर, तो सगळ्यात शेवटी. जो आधी येतो त्याला सगळा टँक आपला वाटतो. दांडगा शेवटी आला तर त्याला आधीच्यांत सामावून घ्यावं लागतं.

नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये टाकू नका. वीस-पंचवीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून त्याला तीन आठवडे वेगळं ठेवा. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते तिथंच बरे करता येतात. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि एका माशापायी जुने सगळे गमावतात.

टँकमध्ये सोडायच्या दिवशी आधी आतले दगड, कुंड्या, वेली जरा इकडं-तिकडं हलवा. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच एकदम नवे होतात. दिवा बंद करा. जुन्यांना थोडं खायला घाला. पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत घाला, असं अर्धा-पाऊण तास. शेवटी मासा जाळीनं अलगद उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, ते कुंडीतल्या तुळशीला घाला. दिवा दुसऱ्या दिवशी सकाळीच लावा.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा वासही वाढतो. पाणी बदलताना अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय टाकू नका. आणि तुरटी फिरवलेलं पाणी टँकला कधीच नको, त्यानं पीएच घसरतो.

पायरी ७: भांडण दिसलं तर

पहिले दोन-तीन दिवस थोडा पाठलाग होतो. काळजी कधी करायची? एकच मासा सतत एका कोपऱ्यात वरच्या बाजूला उभा असेल, खायला येत नसेल, पर मिटलेले असतील, शेपटीची कड दातेरी झाली असेल. सगळेच मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडत असतील तर ते भांडण नसतं. पाण्यात हवा कमी आहे किंवा अमोनिया वाढलाय. लगेच निम्मं पाणी बदला.

भांडणात मार खाणाऱ्याला बाजूला काढायची चूक सगळे करतात. तो परत आला की पुन्हा तेच. मारणाऱ्याला काढा. भाजीची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली टँकमध्ये तरंगती बांधा, त्यात त्याला तीन दिवस ठेवा, तोवर आतली मांडणी बदला. परत सोडल्यावर बहुतेक वेळा तो निवळतो. नाही निवळला तर त्याच जातीचे आणखी चार-पाच आणून थवा पुरा करायचा, जागा असेल तरच. तेही जमत नसेल तर त्याला दुसरं घर शोधायचं.

आणि ते दुसरं घर रंकाळा नव्हे. पंचगंगा नव्हे, कळंबा नव्हे, गावची विहीरही नव्हे. मोठा झालेला सकर 'मोकळा जगेल' म्हणून लोक प्रेमानं तळ्यात सोडतात. गंगेसह देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत हा दक्षिण अमेरिकेतला मासा आता पसरलाय. त्याच्या खरखरीत खवल्यांनी आणि काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, काठ पोखरले जातात आणि आपले मासे मागं हटतात. परत घेईल का, असं दुकानदाराला मासा विकत घेतानाच विचारून ठेवा. बरेच जण पैसे देत नाहीत, पण मासा घेतात. किंवा चार-पाच फुटी टँक असलेला कुणीतरी हौशी शोधा, कोल्हापुरात असे आहेत.

न्यायच्या आदल्या दिवशी माशाला खायला घालू नका. झाकणाच्या बादलीत त्याच्याच टँकचं पाणी निम्म्यापर्यंत भरा, झाकणाला दोन-तीन भोकं पाडा, वरून ओला टॉवेल टाका आणि ऊन तापायच्या आत, सकाळी नऊच्या आधी निघा.